डनेजची पेटी

(वाशीममधल्या एका बुद्धविहारात पोरापोरींनी सुरू केलेल्या लेखन-वाचन मंडळापुढं केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



तुमच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘मार्गदर्शक’ असं छापलंय. पेन असेल तर ते आधी खोडा. मला मार्ग एकच माहीत आहे. कॉटन ग्रीन स्टेशनला उतरायचं, पूर्वेला वळायचं, गेटवर पास दाखवायचा आणि मुकादम बोट दाखवील त्या शेडमध्ये जायचं. त्या मार्गानं मी तुम्हाला कशाला नेऊ?

मी मालेगाव तालुक्यातला. आपलं मालेगाव, नाशिकचं नव्हे. हे मुंबईत दर वेळी सांगावं लागतं. शिक्षण दहावी पास. माझा बाप त्याला अजून मॅट्रिक म्हणतो, आणि म्हणतो असा की जणू मी कलेक्टर होऊन परत आलोय. पुढं शिकणार होतो. पण त्या वर्षी सोयाबीनची सोंगणी झाली, सुड्या लागल्या आणि वरून पाऊस आला. शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटले. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलंय, तुम्हाला वर्णन करून सांगायची गरज नाही. त्या कोंबांनी माझी अकरावी खाल्ली. मामाच्या ओळखीनं मुंबईला गेलो आणि गोदीत लागलो. लागलो म्हणजे नोकरीला नव्हे, ठेकेदाराकडं. जुने गोदी कामगार होते त्यांच्यासाठी १९४८ चा कायदा होता, डॉक लेबर बोर्ड होतं, नाव नोंदलेलं असायचं. ते बोर्ड १९९४ ला पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. त्याआधीच, १९८९ मध्ये, खाडीच्या पलीकडं न्हावाशेवा सुरू झालं होतं आणि माल कंटेनरात बसून तिकडं जायला लागला होता. आमच्या पिढीच्या वाट्याला ‘आज ये, उद्याचं उद्या बघू’ एवढाच कायदा आला.

भाषणाला बोलावलंय मंडळ कसं चालवावं हे सांगायला. मी आमचं मंडळ कसं चाललं आणि मी ते कुठं मोडलं, ते सांगतो.

पोत्यावरची अक्षरं वाचायची मला खोड आहे. पाठीवर घ्यायच्या आधी मी पोतं वाचतो. एका रात्रपाळीला कंटेनर खाली करत होतो. पोत्यांवर इंग्रजीत मोझांबिक लिहिलेलं. एक पोतं कोपऱ्यात फाटलं होतं, त्यातून दाणे सांडत होते. उचलून बघितले. तूर! २०१६ साली आपल्या सरकारनं मोझांबिकशी डाळी आणायचा करार केला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की त्याच आठवड्यात बापाचा फोन आला होता की तुरीचा भाव पडलाय, आत्ता विकू का थांबू. आणि भाव पाडणारं पोतं माझ्याच पाठीवर होतं. उतरवायची मजुरी मला, आणि नुकसान माझ्याच बापाला. मोझांबिकच्या ज्या माणसानं ती पिकवली त्याला काय मिळालं असेल देव जाणे. म्हणजे देव तर नाहीच, त्यामुळं कोणीच जाणत नाही.

त्या रात्री टॅलीच्या कागदामागं मी पहिली कविता लिहिली. वाईट होती. ‘गोलपिठा’ नुकतं वाचलेलं, त्यामुळं दर दोन ओळींनी एक शिवी. तूर कुठंच नव्हती तिच्यात. बापही नव्हता. नुसता मीच होतो, आरडाओरडा करत. ढसाळांचं वाचून ढसाळ होता येत नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला कमी लागोत.

ती कविता मी टोळीतल्या एका गड्याला दाखवली. तो म्हणाला, माझ्याकडं पण एक वही आहे. असे आम्ही पाच जण झालो. शिवडीला एकाची खोली होती, भिंत ओली पण रविवारी रिकामी. तिथं बसायला लागलो. तिघे विदर्भातले, एक कोकणातला, एक गोरखपूरचा. त्याला मराठी लिहिता येत नव्हतं, पण ऐकायचा असा की वाचणाऱ्याला भीती वाटायची. मंडळाचं नाव काय ठेवायचं यावर दोन रविवार भांडण झालं. एकाला ‘विद्रोही’ पाहिजे, एकाला ‘सम्यक’ पाहिजे. तिसऱ्या रविवारी ठरलं की नाव ठेवायचंच नाही. नाव ठेवलं की लेटरहेड येतं, लेटरहेड आलं की अध्यक्ष येतो.

पुस्तकं ठेवायला पेटी केली. जहाजात माल हलू नये म्हणून मधे फळ्या घालतात, तिला आम्ही डनेज म्हणतो. माल उतरला की त्या फळ्या नुसत्या पडलेल्या असतात. विचारून आणल्या बरं का, उगाच लिहिणाऱ्यांना चोर म्हणायला नको. त्या फळ्यांची पेटी. तिला अजून तेलाचा आणि कुठल्या तरी लांबच्या लाकडाचा वास येतो. पहिल्या दिवशी पेटीत चौदा पुस्तकं होती. बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, अण्णाभाऊंची ‘फकिरा’, सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’, दया पवारांचं ‘बलुतं’, बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, आणि बाबासाहेबांची पुस्तकं. सगळी खरेदी वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर. देशात लोक देवाला जातात आणि नारळ घेऊन परत येतात. आपली माणसं चैत्यभूमीवर जातात आणि पुस्तकं घेऊन परत येतात. चौथीपर्यंत शिकलेली बाई पिशवीत चार पुस्तकं घालून जनरलच्या डब्यात बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. याच्यावर कोणी पीएच.डी. केली नसेल तर करा.

नियम असा होता: पुस्तक पंधरा दिवस. परत आणणाऱ्यानं दहा मिनिटं बोलायचं, आणि ‘छान आहे’, ‘हृदयस्पर्शी आहे’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. पुस्तकावर काही लिहायचं नाही हाही नियम होता. तो पहिल्याच महिन्यात मोडला. ‘बलुतं’ परत आलं तर कावाखान्याच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘इथं माझी आत्या राहायची.’ मी भडकलो. पुढचा वाचणारा मात्र भडकला नाही, त्यानं त्याच्याखाली लिहिलं: ‘आत्याचं नाव काय?’ महिन्यानं पुस्तक फिरून आलं तर खाली नाव होतं, आणि आणखी तिसऱ्याच अक्षरात लिहिलं होतं की आमची आजी पण तिथंच भाकऱ्या विकायची. मग नियम बदलला. पेन्सिल चालेल, पेन चालणार नाही. आज त्या ‘बलुतं’मध्ये सहा जणांचं अक्षर आहे. ते पुस्तक आता विकत मिळणार नाही कुठं. दुकानात मिळतं ते नुसतं दया पवारांचं.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर पीडीएफ मिळते, पेटी कशाला? मीही फोनवर वाचतो, रात्रपाळीला तेच बरं पडतं. पण पीडीएफ कोणी परत करत नाही. परत करायला माणसाला यावं लागतं, बसावं लागतं, काय वाचलं ते तोंडानं सांगावं लागतं. मंडळ म्हणजे ते परत येणं. शंभर पीडीएफ ग्रुपवर टाकणारा एक गडी आमच्याकडं होता. त्यानं त्यातली एकही वाचलेली नव्हती, हे त्यानंच एकदा दारूत कबूल केलं.

आता थोडा इतिहास. लवकर सांगतो, तुमच्यापैकी काहींना पाठ असेल. २ मार्च १९५८ ला दादरला बंगाली हायस्कूलमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. ते काही आभाळातून पडलं नाही. त्याच्या आधी मुंबईत सिद्धार्थ साहित्य संघाची पोरं जमत होती, वाचत होती. माटुंगा लेबर कॅम्पात अण्णाभाऊ, अमर शेख यांची गाणी आणि भाषणं ऐकत बाबुराव बागूल घडले. पुढं २९ मे १९७२ ला दलित पँथर उभी राहिली, ती उभी करणारे बहुतेक लिहिणारेच होते: ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. आधी वह्या होत्या, मग मोर्चे आले. मी भाषणात सांगत असतो की आपलं साहित्य कॉलेजात नाही, खोलीत जन्मलं. टाळ्या पडतात. पण ते अर्धंच खरं आहे. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं, ते नसतं तर तिथं शिकवणारे गंगाधर पानतावणे आणि त्यांचं ‘अस्मितादर्श’ कुठून आलं असतं? आणि पानतावण्यांनी नुसतं नियतकालिक काढलं नाही. लेखक-वाचक मेळावे घेतले. नाव बघा, लेखक आणि वाचक, दोघांचा मेळावा. खेड्यातून आलेला पोरगा आपली पहिली कविता खिशात घालून तिथं जायचा आणि ज्याचं पुस्तक वाचलं तो माणूस त्याच्या शेजारी बसून जेवायचा. २०१८ मध्ये पानतावणे गेले. पन्नास वर्षं एका माणसानं दुसऱ्यांचं लिखाण छापलं. स्वतःचं छापून आणायला आपण जेवढी धडपड करतो त्याच्या दहा टक्के तरी दुसऱ्याचं छापायला करतो का?

आपल्या वाशीमचंही सांगतो. शिरपूर जैनचे नामदेव कांबळे, वाशीमलाच शिक्षक होते. ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ ला पद्मश्री. त्यांच्या सगळ्या मतांशी माझं जमत नाही, आणि ते मी इथं त्यांच्याच गावात उभं राहून सांगतोय. पण मत वेगळं म्हणून पुस्तक पेटीत ठेवायचं नाही, हा फालतूपणा करू नका. आम्ही ठेवलं. समासात भांडलो.

गोदीत काम करतो म्हणून दोन बोटींच्या गोष्टी मला फार जवळच्या वाटतात. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत निघाले. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलेलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, त्या बोटीवर टॉर्पेडो बसला आणि सगळी पुस्तकं समुद्रात. उपाशी राहून घेतलेली पुस्तकं! त्याची भरपाई मिळाली ती बडोद्याच्या नोकरीवर जायच्या खर्चाला लागली, आणि बडोद्यात त्या विद्वानाला राहायला घर मिळालं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. दुसरी बोट १९२३ ची. लँगस्टन ह्यूज नावाचा काळा पोरगा, पुढं मोठा कवी झाला, न्यूयॉर्कहून आफ्रिकेला जाणाऱ्या मालवाहू बोटीवर कामाला लागला. पहिल्याच रात्री त्यानं बरोबरची पुस्तकं समुद्रात फेकून दिली. कंटाळला होता कॉलेजला, पुस्तकातल्या जगण्याला. एकाची पुस्तकं बुडाली, एकानं बुडवली. आमच्याकडं यावर अख्खा रविवार वाद झाला. कोकणातला गडी म्हणाला, फेकायला आधी असावी लागतात. गोरखपूरवाला म्हणाला, दोघंही नंतर पुन्हा पुस्तकांकडंच आले ना? मग कशाला भांडता. चहा सांगा.

आमच्या गोदीत १४ एप्रिलला दोन आठवणी असतात. एक जयंतीची. दुसरी १९४४ ची, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट फुटली, कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला, शेकडो माणसं मेली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. अग्निशमन दलाच्या जवानांचं स्मारक आहे. मेलेल्या हमालांची नावं मी शोधतोय, आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्यांना विचारतोय. हे मंडळाचं काम नाही तर काय आहे? पण यावरही भांडण झालं.

भांडण असं. टोळीतल्या एका माणसाची दोन बोटं साखळीत चेंगरली. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. तो माणूस रविवारी खोलीवर आला, आम्ही कविता वाचत होतो. म्हणाला, तुम्ही लिहिता ना, मग माझा अर्ज लिहा. आमच्यातला एक म्हणाला, आपण कवी आहोत, अर्जनवीस नाही. मला अजून राग येतो ते आठवून. आम्ही चौघांनी तो अर्ज लिहिला. त्या दिवशी कोण कोण होतं, बोट कोणती, शेड कोणती, किती वाजता, साखळी कोणी ओढली. तीन वेळा लिहिला. कवितेवर एवढी मेहनत मी कधी घेतली नव्हती. एकही शब्द जास्त नको आणि एकही खोटा नको. पैसे मिळाले, पूर्ण नाही, पण मिळाले. त्या अर्जाची झेरॉक्स आमच्या पेटीत आहे, ‘गोलपिठा’च्या शेजारी. कवी म्हणणारा तो गडी मंडळ सोडून गेला. आता एका ठिकाणी ‘ज्येष्ठ कवी’ म्हणून फेटा बांधून घेतो. वय तेहेतीस.

तर आता मुख्य गोष्ट. इतका वेळ मी तिच्या आजूबाजूनं फिरतोय.

पहिलं वर्ष मंडळात एकही बाई नव्हती. आम्हाला त्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही. संध्याकाळी सातला बसायचो. सातला कोणती बाई येईल? पाणी यायची वेळ, भाकरीची वेळ. मग एकाची बहीण आली, आपल्याच जिल्ह्यातली, मानोऱ्याकडची. नवऱ्याबरोबर मुंबईला आलेली, गोदामात धान्य निवडायच्या कामावर होती. पहिल्यांदा दाराशी बसली. ‘जिणं आमुचं’ घेऊन गेली. परत आणलं तेव्हा दहा मिनिटं बोलायला उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, की या बाईनं फलटणला दुकान चालवता चालवता पुडीच्या कागदावरचं वाचलं आणि घरच्यांपासून वीस वर्षं वही लपवली. मले तर लपवायलेबी जागा नाही. आणि बसली. त्यानंतर आम्ही मंडळाची वेळ दुपारी तीनची केली. एवढी साधी गोष्ट करायला आम्हाला, क्रांतीवर कविता करणाऱ्यांना, एक वर्ष लागलं.

चार महिन्यांनी तिनं तीन पानं आणली. हडंब्यावर सोयाबीन काढताना तिच्या मायचा पदर पट्ट्यात गेला, त्याची हकिगत. कविता नाही, कथा नाही, नुसतं घडलं तसं. आपल्या बोलीत, सरळ वऱ्हाडीत. वाचून झालं तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. गोरखपूरवाल्याला अर्धे शब्द कळले नव्हते, तो रडत होता.

तेव्हा आम्ही एक अंक काढायचा ठरवलं. झेरॉक्सचाच, सोळा पानी. संपादक मी. का, तर माझी एक कविता एका मासिकात छापून आली होती. मी ती तीन पानं घेतली आणि ‘जरा नीट’ केली. ‘मले’ होतं तिथं ‘मला’ केलं. ‘काऊन’चं ‘का’ केलं. ‘माय’ची ‘आई’ केली. ‘वावर’ होतं त्याचं ‘शेत’ केलं. ‘हडंबा’ मुंबईच्या वाचकाला कळणार नाही म्हणून ‘मळणीयंत्र’ केलं. मित्रांनो, मळणीयंत्र! पदर मळणीयंत्रात जात नाही हो, हडंब्यात जातो. शेवटी माझ्याकडून एक वाक्य जोडलं, व्यवस्थेवर. वाटलं, टोक आलं पाहिजे लिखाणाला. मूळ पानांवर लाल पेन फिरवला होता, शाळेत गुरुजी फिरवायचे तसा. ज्या गुरुजींनी माझ्या निबंधावर ‘भाषा अशुद्ध, ग्रामीण’ असा शेरा मारला होता, आणि ज्यांच्यावर मी तीन कविता केल्यात, त्यांचाच पेन माझ्या हातात होता.

अंक निघाला. तिनं उभ्याउभ्या वाचला. म्हणाली, ‘हे माह्यं नाही.’ एवढंच. अंक पेटीवर ठेवला, मोठ्यानं नाही, हळूच. त्यानंतर ती आली नाही. भाऊ म्हणायचा की काम वाढलंय. पुढं ते कुटुंब गावी परत गेलं. लाल पेन फिरवलेली तीन पानं माझ्याजवळच राहिली.

मग एका रद्दीवाल्याकडं वा. वि. मिराशींचं वाकाटकांवरचं पुस्तक मिळालं. वर वाशीमचं नाव दिसलं म्हणून घेतलं. तुम्ही इथं राहता, तुम्हाला कोणी सांगितलं की नाही माहीत नाही. हे गाव म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजानं ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं, ते संस्कृतात नाही, प्राकृतात. लोकांच्या बोलण्यातून आलेल्या भाषेत. इथं सापडलेला विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट बघा: राजाच्या बापजाद्यांची नावं संस्कृतात, आणि प्रत्यक्ष हुकूम, लोकांना कळायला पाहिजे तो भाग, प्राकृतात. दान अर्थात ब्राह्मणांनाच दिलंय, त्यात काही बदल नाही! याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं भिक्षुसंघाला दिलं. म्हणजे इथून अजिंठ्यापर्यंत आपला रस्ता जुना आहे. आणि पुढं राजशेखर नावाच्या पंडितानं लिहिलं की काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न झालं ते विदर्भात, वत्सगुल्म गावात. लिहिण्याच्या एका रीतीलाच या गावावरून ‘वच्छोमी’ म्हणायचे.

बघा गंमत. राजा बोलीत लिहितो तेव्हा ती रीत होते. हडंब्यावरची बाई बोलीत लिहिते तेव्हा ते अशुद्ध. आणि हे ठरवायला कुणी पुण्याचा पंडित लागला नाही. मालेगाव तालुक्यातला, मॅट्रिक पास, आपल्याच वस्तीतला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेला माणूस पुरला. हे पुस्तक आधी वाचलं असतं तर मी तसं केलं नसतं का? केलं असतं. ज्ञान होतं म्हणून लाल पेन खाली ठेवणारा मी नव्हतो. ती उठून गेली म्हणून ठेवला.

म्हणून मंडळ चालवायचं तर मला दोनच गोष्टी म्हणायच्यात, आणि त्याही माझ्या चुकीतून निघालेल्या. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय एक काना-मात्रासुद्धा हलवू नका. विचारायचं ते त्याच्या शेजारी बसून, मोठ्यानं वाचून. कान सांगतो कुठं अडतंय ते. व्याकरणाचं पुस्तक नंतर. शुद्ध मराठी येऊच नये असं मी म्हणत नाही, उलट अर्ज लिहायला ती लागते, कोर्टात लागते, ती हत्यारासारखी ठेवा. पण हत्यार मायवर उगारायचं नसतं. आणि दुसरं, पेटीचं कुलूप. आमच्या पेटीची किल्ली सुरुवातीपासून माझ्याकडं होती. त्यातूनच मला वाटायला लागलं असावं की आतली पुस्तकंही माझी, लिहिणारेही माझे. किल्ली दर महिन्याला फिरवा. विहाराच्या कमिटीकडं ठेवू नका; रागावू नका, कमिटीतले काका इथंच बसलेत, पण काका, तुम्ही सहा वाजता विहार बंद करता आणि पोरींचा क्लास साडेसहाला सुटतो. शक्यतो कुलूपच लावू नका. चोरी झाली तर पुस्तकच चोरीला जाईल ना? आमची तीन गेली. त्यातलं एक गोदीतल्या कॅन्टीनमध्ये सापडलं, चहाचे डाग पडलेलं, समासात दोन नव्या अक्षरांसह.

काल मी मानोऱ्याकडं जाऊन आलो. भावाकडून पत्ता घेतला होता. ती तुरीच्या वावरात होती. मला बघून आधी विचारलं, ‘मुंबईले तुरीचा भाव काय हाय?’ मी सांगितला. म्हणाली, ‘मंग इथं काऊन एवढाच देऊन रायले?’ मला उत्तर देता आलं नाही. मोझांबिकचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग मी खिशातून ती तीन पानं काढली, लाल पेनवाली. म्हटलं, ताई, माफ कर, तुझी पानं आणलीत. तिनं घेतली नाहीत. हात मातीचे होते, हेही असेल. बांधावर बसून नुसती बघितली, मी धरलेली तशीच. बराच वेळ. म्हणाली, ‘लिवणं सुटलं आता.’ मग म्हणाली, ‘छापा.’ मी म्हटलं, जसं होतं तसं छापतो, माझं सगळं काढून. ती म्हणाली, ‘नाही. लाल बी ठेवा. मपलं बी ठेवा, तुमचं बी ठेवा. लोकाइले दिसू द्या.’ नाव कोणाचं टाकू विचारलं. हसली, पहिल्यांदाच. म्हणाली, ‘माह्यं नको. खोडणाराचं टाका.’

या अंकाच्या संपादकांशी बोललो. पुढच्या अंकात ती तीन पानं तशीच छापायची, खाडाखोडीसकट, असं त्यांनी कबूल केलंय. नाव माझं राहील, खोडणारा म्हणून.

पेटी बाहेर ऑटोत आहे. ती आता तुमची; मुंबईला आम्ही दुसरी करू, डनेज पडलेलंच असतं. बावन्न पुस्तकं आहेत, अर्जाची झेरॉक्स आहे, ‘बलुतं’ सांभाळून हाताळा, त्याचे टाके निघालेत. दोघं जण उचलायला या, एकट्याला जड जाईल. वही कोणाकडं आहे? नोंद करून घ्या. मला अकोल्याची शेवटची गाडी धरायचीय, परवा सकाळच्या पाळीला नाव दिलेलं आहे.

जयभीम.